चहातली साखर सोडली तरी वडिलांची साखर 240. कोकम सरबत, शहाळं 'नैसर्गिक' म्हणून चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील बासष्टचे, गुहागरला असतात. चार महिन्यांपूर्वी चहातली साखर बंद केली, तरी जेवणानंतरची 240 च्या खाली येत नाही. आणि सरबत, शहाळं चालतं की नाही यावरून घरात वाद. मी डॉक्टर नाही. मालवणचा आहे, टाइप 2 मधुमेह होऊन 11 वर्षं झाली, आणि हाच घोळ मी स्वतः दोन वर्षं घातलाय, म्हणून लिहितो.

आधी हे सांगा, सरबत आगळाचं की अमृत कोकमचं? आपल्याकडे दोन्हींना नुसतं 'कोकम' म्हणतात आणि तिथेच फसायला होतं. आगळ म्हणजे रतांब्याच्या, म्हणजे कोकमच्या फळाच्या, सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यात वरून घातलेली साखर नसते. अमृत कोकमला मात्र रतांबा फोडून बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरायची, बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. थोड्या दिवसांत साखर विरघळून लालभडक पाक होतो. आई ती बरणी खळ्यात पाण्याच्या परातीत ठेवते, नाहीतर मुंग्यांची रांग लागते. मुंग्यांना जे लगेच कळतं ते मला कळायला दोन वर्षं लागली. पेल्याला 40 मिली पाक घेतला तर पाच-सहा चमचे साखर सहज जाते. पित्तावर चांगलं म्हणून मी दिवसाला दोन पेले घ्यायचो, आणि वर चहा बिनसाखरेचा पितो म्हणून चारचौघांत मिरवायचो.

शेवटी एका रविवारी ग्लुकोमीटर घेऊन बसलो. सरबताआधी 138. पाऊण तासानं 251. दोन तासांनी 170. म्हणजे नुसती दोन तासांची तपासणी केली असती तर 'बरी आहे की' म्हणून सोडून दिलं असतं. पातळ साखर पोटात थांबत नाही, चावायला काही नाही, चोथा नाही, त्यामुळे ती लवकर चढते. वडिलांचीही एकदा तासाभरानं बघा. उसाचा रस, कैरीचं गोड पन्हं, बाटलीतली शीतपेयं यांचंही तेच. 300 मिली कोल्यात तीसेक ग्रॅम साखर असते, त्यावर आणखी काय बोलायचं.

आता पेज. तुम्ही तिचा उल्लेखच केला नाहीत, पण कोकणातला बासष्टीचा माणूस सकाळी पेज पीत नसेल यावर माझा विश्वास नाही. ती गोड लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही. उकड्या तांदळाची असली तरी ती भातच, तोही मऊ शिजून पाण्यात उतरलेला. मी सोडली नाही. मोठ्या वाडग्याऐवजी एक वाटी, सोबत उसळ किंवा अंडं, आणि दुपारच्या भाताला तेवढी कात्री. नाचणीचं सत्त्वही बेतानं घ्यावं. सत्त्व काढताना कोंडा गाळला जातो, त्याला नाचणीच्या भाकरीचे गुण लावू नका.

शहाळं सरबताएवढं वाईट नाही. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण दहा-पंधरा ग्रॅम साखर निघते. मी आठवड्यातून दोनदा, अर्धं घेतो, उरलेलं नातीला. मात्र त्यात पोटॅशियम बरंच असतं. वडिलांची किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गुळाचा चहा हा आपला लाडका गैरसमज. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, मीटरला रंग कळत नाही. बिनसाखरेचा कोरा चहा उत्तम. आणि चहासोबत खारी, टोस्ट किती जातात तेही मोजा. ताक मनसोक्त. सोलकढी घरची, आगळाची असेल तर साखरेची चिंता नाही. बाहेरची चाखून बघा. मला एका खानावळीत मिळाली होती ती चक्क गोड होती. आगळात मीठ मात्र भरपूर, त्यामुळे बीपी असेल तर हात आखडता. मी तिथेही अतिरेक केला आणि डॉक्टरांचा ओरडा खाल्ला.

विचारलं नाहीत, तरी लिहितो: माडी, उर्राक (काजूच्या बोंडांची दारू). दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना रिकाम्या पोटी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते, कधी कधी रात्री झोपेत. आणि बाकीच्यांना वाटतं, चढलीय, झोपू दे.

मला साखर उतरणं भेटलं ते न पिता. गेल्या पावसाळ्यात सकाळची गोळी घेतली आणि तालुक्याच्या कामात जेवायला साडेतीन झाले. घरी आलो तो घामानं भिजलेला, कुलपात किल्ली जाईना. मीटरवर 58. बायकोनं काय दिलं असेल? अमृत कोकम! नुसत्या पाकात थोडं पाणी. 70 च्या खाली गेलं की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. 94 आली, मग भात-आमटी जेवलो. वडील शुद्धीत नसतील तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आठ दिवस पाक बंद करून आगळाचं बिनसाखरेचं सरबत द्या, पेज एक वाटी करा, आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. आणि घरातल्या कोकमच्या बाटलीवर घटक छापलेले असतील. जे सर्वांत जास्त घातलेलं असतं ते पहिलं लिहितात. तिथं पहिलं नाव काय आहे तेवढं बघून कळवा.