विमान अभियांत्रिकीच्या विद्यार्थी संघटना खरोखर काही घडवतात का? एखाद्या संघटनेचा इतिहास सांगता येईल का?

वार्षिक महोत्सव, पाहुण्यांची व्याख्याने आणि छापील टी-शर्ट यांपलीकडे अशा संघटनांची मजल जाते का, ही तुमची शंका रास्त आहे. बहुतेक ठिकाणी ती जात नाही. मात्र पदव्युत्तर शिक्षणासाठी मी जर्मनीतील डार्मश्टाट येथे राहत असताना तिथल्या तांत्रिक विद्यापीठातील ‘अकाफ्लीग’ ही संघटना मला जवळून पाहता आली, म्हणून तिच्याविषयीच लिहितो. अकाफ्लीग हे ‘अकाडेमिशे फ्लीगरग्रुप्पे’ म्हणजे विद्यापीठीय वैमानिक गट या नावाचे संक्षिप्त रूप आहे. मी स्वतः सदस्य नव्हतो. माझा खोलीसोबती होता, आणि त्याच्या बाह्यांवर वाळून कडक झालेले रेझिनचे, म्हणजे ग्लायडर बांधताना वापरायच्या चिकट द्रवाचे, डाग हीच माझी या विषयाशी झालेली पहिली ओळख.

या इतिहासाचे मूळ विद्यापीठात नसून शाळेत आहे. 1909 मध्ये डार्मश्टाटच्या काही शाळकरी मुलांनी उड्डाणासाठी एक मंडळ काढले आणि स्वतः बांधलेले ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवायचे विमान, घेऊन ती र्‍योन डोंगरांतील वासरकुप्पे या सुमारे 950 मीटर उंचीच्या माथ्यावर जाऊ लागली. 1912 मध्ये त्यांच्यातील हान्स गुटरमुथ याने तिथून सुमारे 840 मीटरचे उड्डाण केले. एवढे अंतर आज कोणी चालतही मोजणार नाही. त्या काळी इंजिनाशिवाय ते मोठे होते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील विमानबांधणीवर कडक बंधने आली. ग्लायडर मात्र त्या कचाट्यातून निसटले, आणि ज्यांना विमानशास्त्र शिकायचे होते त्यांच्या हाती तेवढेच उरले. 1920 मध्ये विमान अभियंते ओस्कार उर्सिनुस यांच्या पुढाकाराने वासरकुप्पेवर पहिली ग्लायडर स्पर्धा भरली आणि त्याच सुमारास डार्मश्टाटची अकाफ्लीग उभी राहिली. इतर विद्यापीठांतही असेच गट निघाले. हानोफरच्या विद्यार्थ्यांचे ‘व्हँपिर’ हे ग्लायडर ऑगस्ट 1922 मध्ये आधी एक तास, नंतर दोन आणि महिना संपण्यापूर्वी तीन तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तोपर्यंत मिनिटांत मोजली जाणारी गोष्ट तासांत मोजली जाऊ लागली, आणि ती विद्यार्थ्यांनी करून दाखवली होती.

डार्मश्टाटची पद्धत अशी की प्रत्येक नव्या रचनेला ‘डी’ आणि पुढचा क्रमांक मिळतो. त्यामुळे संघटनेचा इतिहास अध्यक्षांच्या यादीने सांगितला जात नाही, विमानांच्या यादीने सांगितला जातो, आणि मला तो फरक फार महत्त्वाचा वाटतो. 1923 चे डी-9 ‘कोन्सुल’ 18.7 मीटर पंखविस्ताराचे होते. 1938 मध्ये उडालेल्या डी-30 ‘सिरस’चे पंख वीस मीटरच्या वर लांब, पण इतके अरुंद होते की विस्तार आणि सरासरी रुंदी यांचे प्रमाण 33 च्या पुढे गेले. लाकूड हेच मुख्य साहित्य असलेल्या काळात असा पंख धातूच्या तुळईशिवाय उभा राहिला नसता.

मधला काळ उजळ नाही, आणि तो गाळून पुढे जाणे मला पटत नाही. नाझी राजवटीत या गटांचे स्वातंत्र्य गेले आणि ते सरकारी यंत्रणेचा भाग झाले. युद्धाच्या अखेरीस डार्मश्टाट आणि म्युनिक येथील विद्यार्थी विमानरचनाकार अलेक्झांडर लिपिश यांच्या लढाऊ विमानाच्या कल्पनेसाठी ‘डीएम-1’ नावाचे त्रिकोणी ग्लायडर बांधत होते. ते अमेरिकी सैन्याच्या हाती लागले आणि अमेरिकेत वातविवरात, म्हणजे विमानावर वेगाने हवा सोडून पाहण्याच्या बोगद्यात, त्याच्या चाचण्या झाल्या.

युद्धानंतर बंदी आलेल्या ग्लायडिंगला 1951 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. इथून पुढचा भाग तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. 1957 मध्ये श्टुटगार्टच्या अकाफ्लीगमधून निघालेले ‘फोनिक्स’ हे फायबरग्लासचे पहिले ग्लायडर उडाले. त्या साहित्याचा धागा डार्मश्टाटच्या गेरहार्ड वाइबेल, वोल्फ लेमके, क्लाउस होलिगहाउस आणि हाइको फ्रीस या विद्यार्थ्यांनी उचलला. फायबरग्लासचे कापड रेझिनमध्ये भिजवायचे, मध्ये हलके बाल्सा लाकूड घालायचे आणि पृष्ठभाग बोटाला खाच लागणार नाही इतका घासायचा. कारण पंखावरची हवा शक्य तितकी विनाखळबळ वाहावी, यासाठीच हा खटाटोप असतो. मार्च 1964 मध्ये त्यांचे डी-36 ‘सिर्से’ उडाले. एक किलोमीटर उंची खर्चून ते सुमारे 44 किलोमीटर पुढे जात असे. 1965 च्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत याच विमानाने खुल्या गटात दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर ग्लायडर बांधणाऱ्या कंपन्यांत, म्हणजे वाइबेल श्लायखरमध्ये, लेमके रोलाडेन-श्नायडरमध्ये आणि होलिगहाउस शेम्प-हिर्थमध्ये गेले, आणि पुढच्या काही दशकांतील नावाजलेली अनेक ग्लायडरे या तिघांच्या हातून उतरली. श्लायखरच्या ‘एएसडब्ल्यू’ (ASW) या ग्लायडर मालिकेच्या नावातील शेवटचे अक्षर वाइबेल (Waibel) यांचे आहे.

हे कशामुळे साधले, याचे माझ्या मते उत्तर एका साध्या नियमात आहे: इथे उड्डाण पैशाने नव्हे, तर कार्यशाळेतील तासांनी मिळवावे लागते. वर्षाला शेकडो तास घासणे, चिकटवणे, मोजणे, मग उडणे. दुसरी गोष्ट अशी की काम कोणी तरी तपासते. 1922 पासून या सर्व गटांची ‘इडाफ्लीग’ ही सामाईक संस्था आहे. तिच्या उन्हाळी मेळाव्यात पहाटे, ऊन तापून हवेचे प्रवाह उठण्यापूर्वी, नवे ग्लायडर आणि ज्याची कामगिरी आधीच बारकाईने मोजलेली आहे असे एक ग्लायडर शेजारी-शेजारी उडवतात आणि कोण किती वेगाने खाली येते हे पाहतात. त्या संदर्भ-ग्लायडरला सगळे आदराने ‘पवित्र’ म्हणतात. आकडा वाईट आला, तर सबबींना तिथे फारशी जागा नसते.

तुम्ही तुमच्या महाविद्यालयातील संघटनेत शिरायचे की नाही हे ठरवत असाल, तर पदाधिकारी कोण आहेत हे विचारण्याआधी कार्यशाळेची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. आणि घाई असेल तर आधीच सांगतो, या कामात ती चालत नाही. माझ्या सोबत्याने दोन हिवाळे एकच पंख घासला. तो विमानाला जोडून उडाला, तेव्हा सोबती दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. त्या दिवशी रजा टाकून तो रेल्वेने आला आणि आधी पंखावरून हात फिरवून पाहिला.