जिना बंद केलाय, तक्रार नक्की कोणाकडे करायची?

प्रश्न : ताई, आमची सात मजल्यांची सोसायटी शहराच्या हद्दीला लागून असलेल्या गावात आहे, खाली दुकानं आहेत. त्यातल्या एका हॉटेलवाल्याने मागच्या जिन्याच्या तोंडाशी शटर लावून आत किचन केलंय, कमर्शियल सिलेंडर पण तिथेच असतात. ग्रामपंचायत म्हणते बांधकाम आमच्याकडे येत नाही, नकाशा मंजूर करणारं ऑफिस म्हणतं फायरवाल्यांना भेटा, आणि फायरवाले म्हणतात पाडकाम आमचं काम नाही. आता आम्ही काय करायचं? – एका सोसायटीचे सेक्रेटरी

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून खरंच काळजी वाटली, कारण आग लागली की लोक जिन्याकडेच धावतात आणि तुमच्याकडे तोच बंद आहे, वर तिथेच गॅस.

आधी कोणाचं काय ते बघू. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद करते, पण घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हॉटेलवाला ती पावती दाखवत असेल तर ती बाजूला ठेवा. ज्या ऑफिसने नकाशा मंजूर केला ते तुमचं नियोजन प्राधिकरण. मंजूर नकाशात जिना मोकळा आहे आणि जागेवर शटर आहे, तर १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढा अशी नोटीस त्यांनीच काढायची, ते काम फायरवर ढकलता येत नाही. आणि फायरवाल्यांकडे पण नुसती एनओसी देण्याचं काम नसतं, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ मध्ये त्यांना तपासणीचा, नोटीस द्यायचा आणि इमारत धोकादायक वाटली तर सील करायचा, वीज-पाणी तोडायला सांगायचा अधिकार आहे. तुमच्या भागात स्वतःचा चीफ फायर ऑफिसर नसेल तर राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाला लिहा.

माझा आग्रह एकच आहे, तीन वेगळे अर्ज करू नका. वेगळे अर्ज गेले की प्रत्येक ठिकाणाहून "संबंधित विभागाकडे वर्ग" असं उत्तर येतं आणि महिने जातात. एकच पत्र, तिघांच्या नावाने, आणि त्यात स्पष्ट मागणी की अमुक पत्त्यावर तिघांनी मिळून संयुक्त पाहणी करावी आणि पंचनामा सगळ्यांच्या सहीने व्हावा. सोबत मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, तारीख दिसेल असे फोटो. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. एकाच जागेवर एकाच वेळी उभं राहिलं की "ते आमचं नाही" म्हणणं जड जातं. पाहणी होऊनही काही हललं नाही तर माहिती अधिकारात पाहणी अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली एवढंच मागा, जास्त लांबड लावू नका.

मी एवढं तळमळीने का सांगतेय, तर कमला मिल. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत त्या कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले, बरेचसे वॉशरूममध्ये सापडले. अशा एका हॉटेलला आरोग्य खात्याचं लायसन वेगळं, बांधकाम परवानगी वेगळी, फायर वेगळं, दारूचं एक्साइजकडे, आणि हे सगळे कागद एकत्र ठेवून बघणारं कोणीच नाही. नंतर हायकोर्टाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती सावंत यांची समिती बसली आणि तिने हॉटेलवाले, मालक आणि महापालिकेचे अधिकारी सगळ्यांवरच ठपका ठेवला. आगीनंतर पालिकेने फायरचे नियम पाळले जातात का ते बघणारे फायर कम्प्लायन्स सेल पण काढले. पण ते मुंबईत, आणि तिथे निदान महापालिका एकच आहे, तुमच्यासारख्या हद्दीवरच्या गावात तर ऑफिसं सुद्धा वेगवेगळी, म्हणून ती एकत्र आणायचा भार नाइलाजाने सोसायटीवर येतो. हे योग्य नाही, ते सरकारनेच करायला हवं, पण जिना आज बंद आहे.

अजून एक, आणि हे टाळू नका. वर सांगितलेल्या २००६ च्या आगीच्या कायद्यात इमारतीची फायर सिस्टीम चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादाराची आहे, म्हणजे तुमची पण. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासून फॉर्म बी, म्हणजे सिस्टीम चालू असल्याचा दाखला, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. तो दिलेला नसेल तर तक्रारीआधी द्या, नाहीतर पाहणीला आलेले लोक पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवतील. आणि एजन्सीने पंप चालू न करता, होज रील (गुंडाळलेला पाण्याचा पाइप) न उघडता नुसती सही केली तर पैसे देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावात फायर स्टेशनच नाही, रात्री आग लागली तर कोणता बंब येणार? – एक वाचक

उत्तर : १०१ किंवा ११२ लावा, हद्दीचा विचार तुम्ही करायचा नाही. मोठ्या आगीला शेजारची महापालिका, नगरपालिका, जवळ एमआयडीसी असेल तर तिचा बंब, असे सगळे मदतीला येतात, आणि कारखान्यांच्या भागात तर परस्पर मदतीचे गट आधीच ठरलेले असतात. अडचण बहुतेक वेळा गेटपाशी होते. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला तुमची गल्ली माहीत नसते, म्हणून एकाने मेन रोडवर जाऊन थांबायचं, गाड्या बाजूला काढायच्या आणि टाकीची, पंपाची किल्ली वॉचमनकडेच ठेवायची, चेअरमनच्या घरात नाही.