टार फाईल उलगडण्याआधी तिच्या आत काय आहे ते पाहावे

आपण विचारले आहे की, लिनक्सवर ‘टार -एक्सझेडएफ’ ही कमांड दिल्यावर काही फायली नीट उलगडतात, पण काहींवर ‘ही फाईल जीझिप स्वरूपातली नाही’ असा संदेश येतो, तेव्हा ती फाईल खराब झाली असे समजावे का. बहुतेक वेळा फाईल शाबूत असते आणि चूक कमांडमधल्या ‘झेड’ या अक्षराची असते.

टार हा मुळात अनेक फायलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्राम आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो आला, आणि आकार कमी करण्याचे काम तो स्वतः करत नाही. ते जीझिप, बीझिप२ किंवा एक्सझेड करतात. ‘झेड’ लिहिणे म्हणजे गठ्ठा जीझिपनेच दाबलेला आहे असे आपण ठासून सांगणे. लिनक्सवर सहसा असतो तो आजचा ग्नू टार फाईल वाचून प्रकार स्वतः ओळखतो, म्हणून ‘टार -एक्सएफ’ एवढेच पुरते. ‘एफ’ मात्र शेवटीच हवा, कारण त्याच्या लगेच पुढे येते ते फाईलचे नाव असते. ‘-एक्सएफझेड’ लिहिल्यास टार ‘झेड’ नावाची फाईल शोधू लागतो. इतके करूनही अडले, तर त्या फाईलवर तिचा खरा प्रकार सांगणारी ‘फाईल’ ही कमांड चालवावी. डाउनलोडच्या वेळी गठ्ठ्याऐवजी लॉगिनचे वेबपान त्याच नावाने उतरल्याचे पुष्कळदा त्यातून कळते.

माझा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. नागपुरात इतवारीतल्या एका ठोक दुकानाचे हिशेब मी संगणकावर सांभाळतो. एका मार्चअखेरीस जुन्या बॅकअपमधली एकच फाईल हवी होती, म्हणून मी सगळा गठ्ठा चालू फोल्डरमध्येच उलगडला. त्यात आजच्या खातेवहीच्याच नावाची जुनी प्रत होती. टारने काही न विचारता ती नव्या वहीवर लिहिली, आणि तीन दिवसांच्या नोंदी मला पावत्या पुढ्यात घेऊन पुन्हा चढवाव्या लागल्या.

तेव्हापासून मी आधी ‘टार -टीएफ’ देऊन आतली यादी वाचतो, मग ‘एमकेडिर’ने रिकामे फोल्डर करतो आणि उलगडताना मोठ्या लिपीतल्या ‘-सी’पुढे त्याचे नाव देतो, ते फोल्डर आधीपासून असावे लागते, टार ते तयार करत नाही. एकच फाईल हवी असल्यास यादीत दिसतो तसाच तिचा पूर्ण मार्ग कमांडच्या शेवटी लिहावा, एक अक्षरही इकडेतिकडे न करता. जागेवरच उलगडणे भाग असेल, तर लहान लिपीतला ‘-के’ जोडावा, म्हणजे आधीच्या फायलींना धक्का लागत नाही.

झिप फाईलची यादी ‘अनझिप -एल’ने दिसते आणि ‘-डी’पुढे दिलेले फोल्डर अनझिप स्वतःच तयार करतो. शिवाय त्याच नावाची फाईल आधी असेल, तर ती बदलायची का, असे तो विचारतो. झिपची सवय असलेला माणूस टारकडूनही हीच अपेक्षा ठेवतो. माझेही तेच झाले होते.