शेल्टरमधली मोठ्या वयाची कुत्री घ्यावी की पिल्लूच बरं?

तुमचं म्हणणं असं: नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी नऊ वर्षांची, शेल्टरमधली सहा-सात वर्षांची लॅब्राडोर मनात भरली आहे, पण घरचे म्हणतात पिल्लूच आणा, मोठं जनावर लळा लावत नाही.

घ्या ती. पिल्लू आणू नका. दोघं दिवसभर बाहेर, मग दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी शी-शूला कोण नेणार? मोठी कुत्री दुपारभर झोपते. खरं तर उत्तर इथं संपलं. पण ते 'मोठं जनावर लळा लावत नाही' मी माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पुढचं लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आमची राणी आली तेव्हा डॉक्टरांच्या अंदाजानं सात वर्षांची होती. अंदाजच, कारण पिल्लाचं वय दातांवरून बरंचसं नेमकं सांगता येतं, मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दातांची झीज आणि कीटण बघून नुसता ठोकताळा. लॅब्राडोर, पण कुणी पाळलेली नव्हे. ब्रीडरकडची. वर्षानुवर्षं तिच्याकडून पिल्लं काढून घेतली आणि अंगात काही उरलं नाही तशी हायवेच्या कडेला सोडली. सड लोंबलेले, सिमेंटवर बसून बसून कोपरांना घट्टे. पंखा लावला की टेबलाखाली, मिक्सर फिरला की जागच्या जागी मुतायची. जिना तिनं पाहिलेलाच नव्हता. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीस किलोचं धूड जुन्या चादरीत घालून आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ उतरवत नि चढवत होतो, आणि पहिल्या मजल्यावरचे काका दार उघडून बघत उभे राहायचे. मदतीला नाही, बघायला.

एका रविवारी भाऊजी जेवायला आले. ही सोफ्यामागून बाहेर येईना. म्हणाले, "वहिनी, दुसऱ्याच्या हाताखालचं जनावर आपलं होत नाही. लहानपणापासून वाढवावं लागतं." त्यांनी नुकताच बीगल आणला होता, व्हॉट्सॲपवर फोटो बघून, रोख पैसे मोजून. पावती नाही, कागद नाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे सांगितलं तर हसले. मग मी विचारलं, "त्या पिल्लाची आई बघितलीत का?" नव्हती बघितली. कुणीच बघत नाही. भाऊजी, ती आई तुमच्या समोर सोफ्यामागे बसली होती. हीच नसेल, पण अशीच कुणीतरी. तुमचं गोंडस पिल्लू आणि माझी सड लोंबलेली राणी एकाच धंद्याची दोन टोकं आहेत.

लळ्याचं सांगते. शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराची सवय होते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. राणीनं तिन्ही मुदती धुडकावल्या. जिना शिकायला किती वेळ लागला विचारू नका. नवऱ्यानं एकेका पायरीवर उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवून शिकवलं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकायचे म्हणून रबरी पायपुसण्यांचा रस्ताच केला, बाल्कनीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत. (हे तुम्हीही करा, लॅब्राडोरचे खुबे आधीच कच्चे असतात.) आम्ही दोघं जवळ घ्यायला गेलो की अंग चोरायची. आणि स्वतःहून पहिल्यांदा गेली कुणाजवळ? सासूबाईंच्या पलंगाखाली. कुत्रं आणायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा. त्यांनी तिला बोटही लावलं नव्हतं. पण त्या रोज त्याच वेळी उठतात, त्याच वेळी पोथी घेऊन बसतात, चार वाजता चहा. कुणी अंगाशी येत नाही आणि सगळं वेळच्या वेळी होतं, अशी घरात तेवढीच एक जागा होती. आता चारचा चहा झाला की सासूबाईंच्या हातचं अर्धं मारी बिस्किट राणीला मिळतं, आणि मला दोघींकडूनही बोलणी बसतात, साखर कशाला देतेस वगैरे मी म्हटलं की.

'सोडवून आणलेल्या कुत्र्याला उपकाराची जाण असते' असं जे लिहितात त्यावर विश्वास ठेवू नका. नसते. तिला वेळापत्रक हवं असतं. प्रेम तिच्यावर लादू नका, जेवण आणि फिरणं घड्याळाप्रमाणे ठेवा.

भाऊजींच्या बीगलचं काय झालं? वर्ष-दीड वर्षात तो 'शेतावर' गेला. सासवडकडं कुणा ओळखीच्यांकडे, मोकळा राहतो म्हणे. मी बघून आले, साखळीला आहे. लहानपणापासून वाढवलेलं जनावर! १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात विनाकारण जनावर टाकून देणं गुन्हा आहे, दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. एवढ्यात वडापाव-चहा येतो, म्हणून कुणाला धाक नाही.

तुमच्या कामाचं. नसबंदी झाली आहे का विचारा. नसेल तर आणण्याआधी करून घ्या, मोठ्या वयाच्या मादीच्या गर्भाशयात पू होतो आणि तो जिवावर बेततो. सडांमध्ये गाठी आहेत का डॉक्टरांकडून हातानं तपासून घ्या. राणीची एक काढावी लागली. रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर, गोचीडताप. गोचीडताप निघाला तर घाबरू नका. तो देणारे जंतू मुख्यतः दोन, एर्लिचिया आणि बाबेसिया. एर्लिचिया असेल तर डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स असतो, बाबेसियाचं औषध वेगळं. क्रोसिन-कॉम्बिफ्लाम घरातली उचलून कधीही देऊ नका. सोसायटीनं नोटीस धाडली तर प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून सेक्रेटरीच्या हातात द्या. पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमतानंही नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढा, रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं.

हे सगळं वाचून मोठा कुत्रा म्हणजे बिनधोक असं समजू नका. मुलगी नऊ वर्षांची आहे, त्यामुळे ताटलीजवळ गेलं की कुत्री गुरगुरते का हे शेल्टरमध्ये जेवणाच्या वेळीच जाऊन बघा. गुरगुरत असेल तर दुसरी बघा, प्रेमानं सुधारेल वगैरे जुगार घरात मूल असताना खेळू नये. लॅब्राडोर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो, तेव्हा सोबत किती वर्षांची, हा हिशेब मुलीशी आधीच बोलून घ्या. शेल्टर पंधरवडा फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, देत असेल तर तसंच आणा.

आणि पहिल्या भेटीला मुलीला नेऊ नका. ती थेट पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन बसेल, आणि मग तुमच्यानं नाही म्हणवणार नाही.