लक्ष्य धरणारा स्टँड, छर्रा अडवणारी पेटी

एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचा हौशी सराव करणाऱ्या वाचकांनी स्टँडबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं 4.5 मिमीच्या शिशाच्या छर्ऱ्यांपुरती आहेत. त्याहून ताकदीच्या बंदुकांसाठी ही मापं वापरू नयेत.

प्रश्न : लाकडी स्टँड दोनदा बनवला. दोन्ही वेळा उभ्या पट्ट्या छर्रे लागून चिरल्या आणि सगळा सांगाडा उकलावा लागला. कुठे चुकतंय?

पट्ट्यांना छर्रे लागणारच, ते टळत नाही. चूक आहे ती पट्ट्या पायाला खिळ्यांनी ठोकून टाकण्यात. स्टँडचा जो भाग छर्ऱ्याच्या वाटेत येतो तो स्वस्त असावा आणि मिनिटभरात बदलता यावा. पाया मात्र पक्का करा.

50 × 75 मिमीच्या लाकडाचे 60 सेंमी लांबीचे दोन पाय घ्या. ते नेमबाजाच्या दिशेने समांतर ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्यांनी जोडा. प्रत्येक पायाच्या आतल्या अंगाला, बरोबर मध्यावर, 15 सेंमी उंचीचे आणि 22 मिमी जाडीचे दोन ठोकळे 43 मिमी अंतर सोडून उभे बसवा. त्यांच्यावर तेवढ्याच उंचीची फळी मारली की खोबण तयार झाली. तिचा तळ उघडाच ठेवा. पाणी आणि ढलप्या खालून निघून जातात आणि पट्टी जमिनीवर टेकते.

या खोबणीत 20 × 40 मिमीची पट्टी उभी सोडायची, तिची अरुंद 20 मिमीची बाजू नेमबाजाकडे. यात दुहेरी फायदा आहे : छर्ऱ्यांचा मार बसायला जागा कमी मिळते आणि वाऱ्याच्या दिशेने पट्टीची रुंदी जास्त राहते, त्यामुळे ती वाकत नाही. खोबणीतली दोन-तीन मिमीची सैल जागा मुद्दाम ठेवलेली आहे. घट्ट बसवलेली पट्टी पावसात फुगली की हातोडीनेही निघत नाही. सरावाच्या वेळी पट्टी डुलत असेल तर लाकडाची पाचर मारा.

4 मिमीच्या स्क्रूसाठी आधी 3 मिमीचं भोक पाडून घ्या, नाहीतर ठोकळा टोकाशी फाटतो. आणि स्क्रू, खिळे, बिजागरी यांपैकी काहीही लक्ष्याच्या उंचीवर नको. लोखंडाच्या डोक्यावर बसलेला छर्रा कुठे वळेल ते सांगता येत नाही.

प्रश्न : थोडा वारा सुटला तरी स्टँड उलटतो. किती वजन ठेवावं?

लक्ष्याचा कागद लावायला पट्ट्यांवर बसवलेला 45 × 75 सेंमीचा पुठ्ठा म्हणजे छोटं शीडच. ताशी 36 किमीच्या वाऱ्यात त्यावर साधारण अडीच किलो वजनाएवढा रेटा येतो, आणि तोही जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर. 60 सेंमी लांबीच्या पायांचा स्टँड तेव्हा उभा राहायचा तर एकूण वजन बारा किलोच्या आसपास लागतं. स्टँडचं स्वतःचं वजन तीन-चार किलो भरतं, म्हणजे चार-साडेचार किलोची एकेक रेतीची पिशवी दोन्ही पायांच्या मध्यावर ठेवा. वारा एकाच बाजूने असेल तर पिशव्या वाऱ्याकडच्या टोकाला सरकवा. तेवढ्याच वजनाचा जोर दुप्पट होतो. दगड किंवा विटा ठेवू नका, चुकलेला छर्रा त्यांच्यावरून परत येतो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे पुठ्ठाच लहान करणे. 17 सेंमीच्या कागदाला पाऊण मीटरचा पुठ्ठा कशाला हवा? पुठ्ठा पट्ट्यांच्या वर डोकावत असेल तर त्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असा लावा, म्हणजे वरचा भाग मागे दुमडत नाही. नळ्यांची वरची तोंडं मात्र चिकटपट्टीने बंद करायला हवीत, नाहीतर पाणी आत उतरून पुठ्ठा भिजतो.

प्रश्न : स्पर्धेत लक्ष्य 1.4 मीटर उंचीवर असतं. आडवं पडून सराव करतानाही तीच उंची ठेवावी का?

अजिबात नको. ही चूक धोक्याची आहे, म्हणून आकडे मांडूनच पाहा. दहा मीटरच्या स्पर्धेत लक्ष्याचा मध्य 1.4 मीटरवर असतो, पण तिथे नेमबाज उभा असतो. आडवं पडल्यावर नळीचं तोंड जमिनीपासून सुमारे 30 सेंमीवर येतं. तिथून दहा मीटरवरच्या 140 सेंमी उंचीच्या मध्यावर नेम धरला की छर्रा 110 सेंमी चढतो आणि लक्ष्य भेदून पुढेही चढतच राहतो. मागे पाच मीटरवर मातीचा बांध असेल तर तो 195 सेंमीवर लागेल. बांध दोन मीटरचा असेल तर उरले फक्त पाच सेंमी!

आडवं पडून सराव करायचा तर उभ्या पट्ट्या कापून लक्ष्याचा मध्य 30 ते 40 सेंमीवर आणा. जागा कुठलीही असो, आधी नळीपासून लक्ष्याच्या मध्यातून सुतळी ताणून ती मागच्या बांधापर्यंत न्या आणि मगच स्टँडची जागा ठरवा. स्टँड फक्त कागद धरतो. छर्रा अडवण्याचं काम बांधाचं किंवा पेटीचं.

प्रश्न : बंद जागेत छर्रे अडवायला पेटी कशी करावी? एकाने तिरकी प्लेट लावली, तर छर्रे छताला लागू लागले.

प्लेट उलटी बसली आहे. तिची वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड पेटीच्या मागच्या भिंतीशी हवी, म्हणजे छर्रा खाली वळतो. तोंड 25 × 25 सेंमीचं असेल तर 45 अंशांत बसवायला 25 सेंमी रुंद, 35 सेंमी लांब आणि 3 मिमी जाड साधी लोखंडी प्लेट लागते. पेटीची खोली 25 नव्हे, 35 सेंमी ठेवा. प्लेटची वरची कड दहा सेंमी आत गेली की वर लागलेल्या छर्ऱ्याचे तुकडे तोंडातून बाहेर पडत नाहीत. तोंडाला खाली पाच सेंमीची आडवी फळी आणि तळाशी तीन-चार सेंमी कोरडी रेती टाका.

आवाज नको असेल तर प्लेटऐवजी प्लायवर डक्ट सीलचा (फटी बुजवायच्या, न वाळणाऱ्या मऊ लांबीचा) चार-पाच सेंमीचा थर थापतात. छर्रा त्यात रुततो. पण एकाच जागी शिसं साठत गेलं की नवा छर्रा जुन्यावर आपटून परत येतो, म्हणून काहीशे छर्ऱ्यांनंतर शिसं उकरून थर पुन्हा थापावा लागतो. पोलादी गोळ्या म्हणजे बीबी प्लेटवर कधीही मारू नका. शिसं चपटं होतं, पोलाद मात्र जोरात उलटतं. प्लेट असो वा डक्ट सील, डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

पेटी झाडताना कोरडा झाडू नको, शिशाची धूळ उडते. रेती ओली करून उचला आणि नंतर हात साबणाने धुवा.

प्रश्न : घरी छापलेल्या लक्ष्यावर भोकं फाटकी येतात, गुण मोजता येत नाहीत.

दोन कारणं. छपाईचा साधा कागद पातळ असतो, 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम) आसपासचं कार्ड वापरा. दुसरं, छर्रा सपाट तोंडाचा घ्या. टोकदार छर्रा कागद कापत नाही, फाडत आत जातो. कार्ड चारही कोपऱ्यांत ताणून चिमटे लावा.

छापताना प्रिंटरमधलं ‘पानात बसवा’ बंद करून 100 टक्के ठेवा आणि फुटपट्टीने तपासा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा काळा गोल 30.5 मिमीचा, एअर पिस्तुलाचा 59.5 मिमीचा.

जागा पाच मीटरच असेल तर गोल निम्मा करा : रायफलला 15.25 मिमी. उंचीही बदला. डोळा 160 सेंमीवर असेल तर दहा मीटरवर नजर 20 सेंमी उतरते, पाच मीटरवर ती 10 सेंमीच उतरायला हवी, म्हणजे लक्ष्य 150 सेंमीवर. गुण मात्र थोडे फुगलेले येतील. वर्तुळं निम्मी झाली तरी छर्ऱ्याचं भोक 4.5 मिमीचंच राहतं आणि ते जास्त गुणांच्या वर्तुळाला लवकर शिवतं.

प्रश्न : झुलणारी लोखंडी चकती टांगायची आहे. ती सरळ लोंबू द्यावी का?

नाही, वरची कड पुढे झुकलेली हवी. 15 सेंमी व्यासाच्या चकतीला वरच्या कडेपासून दोन सेंमीवर भोक पाडा. बोल्ट समोरून घालून मागे दोन सेंमीचा नळीचा तुकडा ओवा आणि त्याच्या मागे साखळी अडकवून नट कसा. वजन पुढे आल्यामुळे चकती आपोआप सुमारे 20 अंश झुकते आणि शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात. साखळी दोन पट्ट्यांवरच्या आडव्या लाकडाला बांधा. ते लाकूडही खाचेत नुसतं ठेवलेलं असावं, छर्रे लागून झिजलं की दुसरं टाकता येतं.