जॅब मारून हात परत आण

बेटा,

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, सर, पोट्टी आठ दिवसांपासून घराबाहेर पडली नाही, नुसती मोबाइल घेऊन लोळते. मी म्हटलं, लोळू द्या, बॉक्सिंगची लढत हरलेल्याला तेवढा हक्क असतो. पण काल रात्री तुझा मेसेज आला: 'जजनी घात केला, 3-2 ने कुणी हरतं का? आता अमॅच्युअर बस्स, मी प्रो होते.' पाचांपैकी तीन जजनी तिच्या बाजूने कौल दिला, एवढंच 3-2. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

तुझ्या खोलीत अमेरिकेच्या हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनचं पोस्टर आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला, हे तू मला दर महिन्याला ऐकवतेस. पण तू त्याचा शेवटचा राउंड तेवढा पाहिलास.

1968 ला मेक्सिकोत ऑलिंपिक सुवर्ण. 1973 ला किंग्स्टनमध्ये त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन राउंडांत सहादा खाली पाडलं. मग ऑक्टोबर 1974, किन्शासा. मुहम्मद अली दोरांना टेकून मार खात राहिला, हा मारून मारून दमला आणि आठव्या राउंडला आडवा झाला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर हा गडी काय म्हणत फिरला ते ऐक. रिंगचे दोर सैल होते, रेफ्रीने घाईत मोजलं, माझ्या पाण्यात काहीतरी मिसळलं होतं. दोर, रेफ्री, पाणी. तुझा मेसेज वाचताना मला हेच आठवलं बाप्पा.

हसतो आहे, पण मीही त्यातलाच. तरुणपणी एक फायनल गुणांवर हरलो आणि कितीतरी वर्षं जजला शिव्या घातल्या. मग एका लग्नात जेवणाच्या रांगेत तोच प्रतिस्पर्धी भेटला. हातात ताट धरून म्हणाला, "तुम्ही उजवा मारायच्या आधी श्वास रोखायचे. मला दिसायचं." बुंदी घशाखाली उतरली नाही.

फोरमन 1977 ला जिमी यंगकडून हरला आणि बॉक्सिंग सोडून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं रिंगमध्ये पाऊल नाही. 1987 मध्ये परतला तो मुलांसाठी काढलेल्या केंद्राला पैसे कमी पडत होते म्हणून. वय 38, पोट सुटलेलं. आल्या आल्या मोठी लढत मागितली नाही. लागोपाठ 24 लढती जिंकला, त्यातले बरेचसे प्रतिस्पर्धी कुणाला माहीतही नसलेले. लोक हसले. 1991 मध्ये जगज्जेत्या होलीफील्डसमोर बारा राउंड उभा राहिला आणि गुणांवर हरला.

मग 5 नोव्हेंबर 1994, लास व्हेगास. समोर 26 वर्षांचा जगज्जेता मायकल मूरर, डावखुरा. तुझ्यासमोरची पोरगी डावखुरी होती, म्हणून हे लक्ष देऊन वाच. नऊ राउंड झाले तेव्हा तिन्ही जजांच्या गुणकार्डांवर फोरमन मागे होता. तरी तो जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकत राहिला आणि दहाव्यात छोटा, सरळ उजवा हनुवटीवर बसला. चड्डी किन्शासातलीच, लाल. आणि त्याच्या कॉर्नरमध्ये प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो वीस वर्षांपूर्वी अलीच्या कॉर्नरमध्ये होता. ज्याच्याकडून हरलो त्याच्या माणसाला आपल्या कोपऱ्यात उभं करायला किती गिळावं लागलं असेल, याचा विचार कर. मला तर तो ठोसा एका बाजूला आणि डंडी एका बाजूला वाटतो.

आता तुझं. व्हिडिओ मी चारदा पाहिला. पहिली फेरी तुझी, शंका नाही. दुसऱ्या फेरीपासून जॅब मारून झाला की तुझा डावा हात गालापाशी परत येत नाही, छातीशी येऊन थांबतो. त्या फटीतून तिचा उजवा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा, तीनदा आला. दुसरं, डावखुऱ्यासमोर तुझा पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर हवा, तेव्हा उजव्याला सरळ वाट मिळते. तू अख्खी लढत आतच राहिलीस. 3-2 यातून झालं.

प्रोचं म्हणशील तर मी आडवा येणार नाही. पण तिथे हेडगार्ड नसतं, आणि तुझे हात तिसऱ्या फेरीतच खाली येतात. अल्फिया पठाण आपल्या नागपूरचीच. 2021 ला पोलंडमध्ये युवा विश्वविजेती झाली. तीही जिल्हा, राज्य असंच करत गेली असणार, काऊन घाई करतेस?

सोमवारी पहाटे साडेपाचला मानकापूरच्या क्रीडा संकुलात ये. ऊन चढायच्या आत संपवू. धुतलेल्या पट्ट्या आणि दोरी आण. एक डावखुरा पोट्टा शोधून ठेवला आहे, तुझ्यापेक्षा चार किलो जड. पहिला आठवडा तू फक्त जॅब मारायचा आणि हात गालाला लावायचा. तो मारेल.

तुझा सर