नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी

तुझं पत्र परवा मिळालं. हल्ली कोणी चार पानं हाताने लिहीत नाही, त्याचं कौतुक नंतर करीन. आधी भांडतो.

"गावकीलाही तिचं स्वातंत्र्य आहे आणि वहिनींनाही त्यांचं आहे, काका, मला दोन्ही बाजू पटतात," असं लिहिलंस. दोन्ही बाजू पटणं हे कधीकधी शहाणपण असतं आणि पुष्कळदा नुसती सोय असते. तुझं यातलं कुठलं ते तू बघ. मी फक्त तुझ्याच पत्रातल्या गोष्टी क्रमाने लावतो, कारण तू त्या इतक्या पसरून लिहिल्यास की वाचणाऱ्याला वाटावं, फार गुंतागुंतीचं प्रकरण आहे. गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, बैठक घेऊन ग्रामपंचायत बिनविरोध करायचं ठरवलं. नावंही ठरवली. तू जिला वहिनी म्हणतोस त्या बाईंनी विचारलं, आमच्या वाडीतलं कोणीच कसं नाही? उत्तर मिळालं नाही, म्हणून अर्ज भरला. मागे घ्या म्हणून सांगणं आलं, घेतला नाही. निवडणुकीत पडल्या. तिथे विषय संपायला हवा होता. त्याऐवजी वाण्याने माल देणं बंद केलं, शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली, गावाच्या मुंबईतल्या मंडळाने त्यांच्या दिरांचं नाव यादीतून काढलं आणि त्या घराशी जो बोलेल त्याला दंड ठरला. आणि तुला तालुक्याचं युवक अध्यक्षपद देऊ करणारे साहेब सांगतायत, गाव आपला कारभार करायला स्वतंत्र आहे, पोलिसांना मध्ये घालू नकोस.

आता सांग, दुसरी बाजू कुठली?

राजकारणात कोणीही स्वातंत्र्याची भाषा काढली की मी एकच प्रश्न विचारतो. इथे जो नाही म्हणेल, त्याचं दुसऱ्या दिवशी काय होईल? जाहीरनामा वाचत बसत नाही, भाषण ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला किराणा मिळेल का, त्याची नोकरी राहील का, त्याच्या पोराशी कोणी खेळेल का, एवढंच. मला हटवादी म्हणतात ते याच्यामुळे. म्हणू देत.

तुझं गाव महाडपासून तासाभरावर. दर २० मार्चला तू चवदार तळ्यावर जातोस, फोटो टाकतोस, म्हणून १९२७ चा तो दिवस तुला सांगत नाही. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केलं. म्हणजे कागदोपत्री स्वातंत्र्य तीन वर्षं तिथे पडून होतं आणि तरी कोणी ओंजळभर पाणी घेतलं नव्हतं. का? तर दुसरा दिवस प्रत्येकाला ठाऊक होता. शेवटी बाबासाहेबांबरोबर लोक गेले, पाणी प्यायले, तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबावं लागलं नाही. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली. पुढे तळ्याची शुद्धी केली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचा तर कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

आणि हे तुझ्या भाषणांत कधी येत नाही म्हणून सांगतो. १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी जी संरक्षणं मागितली, त्यात बहिष्कार घालणं हा गुन्हा ठरवा, अशी स्पष्ट मागणी होती. मतदानाचा हक्क मागतानाच हेही मागितलं, कारण बहिष्काराची मेख त्यांनी ओळखली होती. वाणी म्हणतो, माल कोणाला विकायचा ती माझी मर्जी. शेजारी म्हणतो, कोणाशी बोलायचं ती माझी मर्जी. जमीनवाला म्हणतो, मजूर कोण लावायचा ती माझी मर्जी. प्रत्येक जण फक्त आपलं स्वातंत्र्य वापरतो, आणि सगळ्यांची बेरीज होऊन एका घराचा श्वास कोंडतो. तुझ्या साहेबांचं म्हणणं याहून वेगळं आहे का?

तू म्हणशील, मग समूहाला स्वातंत्र्य नाहीच का? आहे. आणि त्यासाठी मी कोणाशीही भांडेन. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" अशी घोषणा दिली आणि वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. तुझी गावकीही एकमताचीच बढाई मारते ना? फरक बघ. तिथे नाही म्हणणाऱ्यासाठी गाव थांबतं. इथे नाही म्हणणाऱ्याला गाव सोडायला लावतात. गोव्याचंही तसंच. १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. फरक सुमारे ३४ हजार मतांचा. आमच्याकडच्या किती मोठमोठ्या माणसांना ते झोंबलं! पण नकार नकार म्हणून मानला गेला. गोवा गोवाच राहिला, आणि विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्यानंतरच्या निवडणुकीत तिथेच पुन्हा सत्तेवर आला. हरलेल्यांनाही कोणी वाळीत टाकलं नाही. याला म्हणायचं सार्वमत.

कायद्याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जातीबाहेर, पंथाबाहेर काढण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सय्यदनांनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. का, तर पंथाला आपला धार्मिक कारभार करण्याचं स्वातंत्र्य घटनेनेच दिलंय. सुधारणावादी बोहऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं कशी काढली असतील, विचार कर. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो निर्णय फेरविचारासाठी नऊ जणांच्या खंडपीठाकडे पाठवला. बघ, या प्रश्नाशी सुप्रीम कोर्टही इतकी वर्षं झगडतंय. तेव्हा तू गोंधळलास यात लाज वाटायचं कारण नाही. गोंधळाच्या आड बसून पद घेतलंस तर आहे.

टिळकांबद्दल तू बरंच लिहिलंस, म्हणून तेही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही टिळकांनी विरोध केला. मुलींची वयोमर्यादा दहावरून फक्त बारावर न्यायची होती, तरीही. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हे त्यांचं स्वातंत्र्य. ते खोटं नव्हतं. लिहिल्याबद्दल या माणसाने मंडालेला सहा वर्षं काढली, नाही म्हणण्याची किंमत त्याला कोणी शिकवायला नको. पण घराच्या आत नाही म्हणणाऱ्या पोरीचं काय होतं, हा प्रश्न आगरकरांनी विचारला, टिळकांनी नाही. आपल्याला ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांनाही हा प्रश्न विचारायचा असतो. नाहीतर मग तुझी टिळकभक्ती आणि साहेबांची गावकीभक्ती एकाच माळेतली.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचंही मी असंच ऐकलं. आमच्या समाजवादी मंडळींत त्यांचं नाव काढलं की लोक उठून जायचे. पण विदर्भातल्या शेतकऱ्याला कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेच्या केंद्रावरच घालावा लागायचा, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. सरकारला नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांचं स्वातंत्र्य बाजाराचं होतं, माझं नाही. तरी या एका मुद्द्यावर मला त्यांचं पटलं आणि मी तसं सभेत बोललो.

आमदारांच्या स्वातंत्र्याबद्दल विचारलंयस, ते दोन ओळीत. १९८५ च्या पक्षांतरबंदीने एकट्या आमदाराचं तोंड बांधलं आणि घाऊक फुटीचा बाजार मोकळा ठेवला. विवेकाच्या हाकेने पक्ष सोडणाऱ्यांना हॉटेलात कशाला ठेवावं लागतं, हे २०२२ नंतर तरी कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये.

आता माझं. तू विचारलं नाहीस, पण गावात तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय की काकांना संघटनेने काढलं आणि ते अजून घुश्शात आहेत. बैठकीत एका साध्या कामगाराने वर्गणीचा हिशोब मागितला. शिस्तभंग म्हणून त्याला काढायचा ठराव आला, हात वर झाले, माझा झाला नाही. पुढे मला बोलावणंच बंद झालं. ज्यांच्याबरोबर लाठ्या खाल्ल्या ते रस्त्यात भेटले तर समोरच्या पाट्या वाचायला लागायचे. आम्ही सकाळ-संध्याकाळ स्वातंत्र्याची गाणी म्हणणारी माणसं! आजही ठराव आला तर मी हात वर करणार नाही. लोक म्हणतात, थोडं जमवून घेतलं असतंस तर आत राहून काही करता आलं असतं. आत राहिलेल्यांनी काय केलं ते मी पाहिलंय.

एका गोष्टीची रुखरुख मात्र आहे. मला नाही म्हणणं परवडलं, कारण तुझ्या काकूची जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी होती. हेडमास्तर कसाही असो, बदली कुठेही होवो, तिला नाही म्हणायची मुभा नव्हती. तिने नाही म्हटलं असतं तर चूल थंड झाली असती. माझा ताठ कणा तिच्या पगारावर उभा होता. हे मी तिला कधी बोललो नाही. तुला सांगतोय ते हळवं व्हायला नाही, हिशोब कळावा म्हणून. नाही म्हणणाऱ्याला कोणीतरी दुसरा दिवस काढून द्यावा लागतो. त्या बाईंना कोण काढून देतंय? वाणी नाही, गावकी नाही, देऊळ नाही. तू आहेस का?

गावकीच्या त्या बैठकीत तू हजर होतास. दंड ठरला तेव्हा तुझे चुलते बोलत होते, हेही तूच लिहिलंस. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा २०१६ चा आहे, २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रायगडातल्याच गावक्यांच्या प्रकरणांनी तो कायदा व्हायला मोठा रेटा दिला होता, आणि रायगडातच साक्षीदार मिळत नाहीत. बैठकीला पन्नास माणसं असतात, पोलिसात विचारलं की कोणीच नसतं. तुझा वकील मित्र म्हणतो त्याप्रमाणे जबाब दे. तारीख, जागा, कोण काय म्हणालं, एवढंच सांग. भाषण करू नकोस, तुला ती खोड आहे. चुलत्यांना आधी जाऊन तोंडावर सांग, मागून कळता कामा नये. ते शिव्या देतील, ऐकून घे. आईला एकटीला गावात ठेवू नकोस, महिनाभर पनवेलला घेऊन जा.

पदाचं म्हणशील तर नाकारू नकोस. साहेबांना सांग, जबाब देऊन येतो, मग सत्कार ठेवा.

आणि खोलीचं भाडं किती आहे, ते चार पानांत कुठेच लिहिलं नाहीस. नोकरी कंत्राटी आहे, कंत्राटदार साहेबांच्या ओळखीचा आहे, हे मला माहीत आहे. आकडा कळव.